मूळ एकीकडं, दुखणं दुसरीकडं

१ जानेवारी १९६१
आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहिण्याचा विचार होता, पण थंडीत स्पेलिंग आठवत नाहीत. मराठीतच लिहावी.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. बारा सूर्यनमस्कार. तंबाखू कायमची बंद. हेडमास्तर बाबूराव यांच्याशी वाद न घालणे.
आज सात वाजता उठलो. पाच उद्यापासून.

३ जानेवारी
आयुष्याला वळण देणारी घटना. बसप्पाच्या दुकानातून गूळ आणला, तो इंग्रजी मासिकाच्या पानांत बांधलेला. गूळ सोडून वाचत बसलो. आरोग्याचं मासिक आहे, आणि विषय अफलातून. फोकल इन्फेक्शन! म्हणजे असं, की शरीरात एका जागी, बहुतेक दाताच्या मुळाशी, पू साठून राहतो. तिथं काही वाटत नाही. पण ते विष रक्तातून फिरतं आणि भलतीकडंच जाऊन बसतं. कोणाच्या गुडघ्यात, कोणाच्या डोळ्यात, कोणाच्या हृदयात. माणूस गुडघ्याला तेल चोळत मरतो आणि चोर बसलेला असतो तोंडात.
शेवटचं पान नव्हतं. तसाच दुकानात गेलो. बसप्पा म्हणाला, राहिलेल्या पानात फुटाणे गेले की मास्तर, आता कुठलं आणू? असू दे. शहाण्याला शब्दाचा मार. आरोग्यशास्त्र शिकवत मला इतकी वर्षं झाली, शेवटी काय लिहिलं असेल ते मी सांगू शकतो.
सौ. चंद्रप्रभेला (यापुढं नुसतं सौ.) थिअरी समजावली. म्हणाली, गुळाला मुंग्या लागल्या.

६ जानेवारी
उस्मानाबादला बारा मार्चला आरोग्य प्रदर्शन भरणार. प्रत्येक मोठ्या गावच्या शाळेतून एका मास्तरानं लेक्चर द्यायचं. आमच्या तेरच्या शाळेकडून माझी निवड झाली. बाबूराव म्हणाले, दुसरं कोणी तयारच होईना. हा त्यांचा मत्सर.
लेक्चरचं नाव तिथल्या तिथं ठरवलं : ‘मूळ एकीकडं, दुखणं दुसरीकडं’. पण नुसत्या बोलण्यानं आपले लोक जांभया देतात. जिवंत पुरावा पाहिजे. दात काढला आणि दुखणं गेलं, असा एक पेशंट स्टेजवर उभा केला की टाळ्याच.
पेशंट शोधणे.

८ जानेवारी
पेशंट घरातच सापडला! काखेत कळसा नि गावाला वळसा.
सौ.चा उजवा खांदा दिवाळीपासून धरला आहे. वेणी घालताना हात वर जात नाही. आजवर मी दुर्लक्ष केलं, कारण तेव्हा मला थिअरी माहीत नव्हती. आज तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. दात पांढरेशुभ्र, एक रेघ नाही. हीच शंकेची जागा. लेखात स्पष्ट आहे, की वरून चांगला दिसणारा दातच फसवतो. दोन दाढा आणि एक सुळा काढावा, असं माझं मत झालं.
सौ. म्हणाली, अहो काय बोलायलात? तेरणा आटली, नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटी वाटी पाणी भरून दोन दोन घागरी उचलायलेय मी. त्यानं खांदा दुखतोय. घागर काय दातानं उचलते का मी?
अडाणीपणापुढं इलाज नाही.

१४ जानेवारी. संक्रांत
शेजारच्या सखूबाईनं तिळाचा लाडू दिला. पाक फार पुढं गेलेला. माझ्या सोन्याच्या दाताखाली कळ आली.
या दाताबद्दल एकदा लिहून ठेवलं पाहिजे. मी ट्रेनिंगला हैदराबादेत होतो तेव्हा दाढेला भोक पडलं. ती काढा म्हणत होते, पण मी वरून सोन्याची टोपी बसवून घेतली. निजामाच्या राज्यात असा दात तहसीलदाराला नव्हता. मी हसलो की आजही वर्गात उजेड पडतो. शिवाय सोनं सडत नाही, तेव्हा सोन्याखालचं काही सडण्याचा प्रश्नच नाही. साधं लॉजिक.
कळ थांबावी म्हणून चिमूटभर तंबाखू त्या बाजूला धरली. औषध म्हणून धरली, त्यामुळं संकल्प मोडला असं होत नाही.

२२ जानेवारी
सौ. ऐकत नाही. पण बसप्पानं ऐकलं. तो शेवटी दुकानदार, नवीन माल लवकर उचलतो. त्याच्या आईचे, चन्नम्माचे, दोन्ही गुडघे धरलेले. तोंडात खालचे चार दात शिल्लक. मी म्हणालो, चोर त्या चारांतच आहे.
आज बाजारच्या दिवशी पोत्यावर बसणाऱ्या दातवाल्याकडून चारही काढून घेतले. म्हातारी कानडीत ओरडत होती. मला कानडी येत नाही, पण शास्त्राला विरोध पूर्वीपासून होत आलाच आहे.
सौ. त्या वेळी माझ्याजवळ उभी होती. नंतर म्हातारीला धरून घरी पोचवून आली. माझं म्हणणं पटत चाललं असावं.

३० जानेवारी
चन्नम्माच्या गुडघ्यांची चौकशी केली. बसप्पा म्हणाला, गुडघे हाईत तसेच हाईत मास्तर, वरून भाकरी बी गेली. आता नुसत्या आंबलीवर दिवस काढायलीय.
विष निघायला वेळ लागतो. म्हातारी हल्ली माझ्या शाळेच्या वाटेवर ओट्यावर बसते आणि मी दिसलो की कानडीत बोलते. मी वाट बदलली. नवीन वाटेनं व्यायामही होतो.

४ फेब्रुवारी
सूर्यनमस्कारांचा परिणाम दिसू लागला. कोट ढिला झाला, धोतराला एक निरी जास्त पडते. सौ. सारखी म्हणते, किती वाळलात, जेवण का जाईना? मी म्हणालो, याला इंग्रजीत फिगर म्हणतात.
नमस्कार एकंदर चार दिवस घातले. पण चांगल्या व्यायामाचा परिणाम मागाहून येत राहतो.
संध्याकाळी अंग कोमट होतं. पहाटे घामानं अंथरूण ओलं. लेक्चरची तयारी डोक्यात फिरते, त्याची उष्णता. मोठ्या वक्त्यांचं असंच असतं म्हणे.

९ फेब्रुवारी
डावा गुडघा सुजला. कारणं : (१) वर्गातला प्लॅटफॉर्म फार उंच. (२) बाबूरावांनी प्रार्थनेला मास्तरांनीही उभं राहायचा नियम काढला. (३) थंडी.
बाबूरावांशी वाद घातला. हा संकल्पभंग नाही. गुडघ्याच्या वतीनं घातला.
सखूबाई म्हणाली, बिब्बा लावा मास्तर, लई गुणाचा. लावला. आता सूजही आहे आणि वर फोडही आहेत.

१५ फेब्रुवारी
चाचणी परीक्षेचे पेपर तपासून संपले. बोटांच्या नखांखाली तांबड्या बारीक रेघा, काड्यांसारख्या. लाल शाई आत गेली. साबण, राख, लिंबू, सगळं लावलं. जात नाही. शाळेनं यंदा चांगली शाई घेतलेली दिसते.
वर्गात पहिला बाक रिकामा असतो. मी जवळ गेलो की पोरं मागं सरकतात. बोलताना बाबूराव दारातच उभे राहतात. निवड झाल्यापासून दरारा वाढला आहे.
सौ.नं उशी मोरीच्या बाजूला नेली. म्हणाली, तोंडाला वास येतोय. मी म्हणालो, तुझ्याच तोंडाचा तुला येत असेल. फोकल इन्फेक्शनचं ते पहिलं लक्षण.
 मग तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मी तो काढला. विषय बदलण्याची तिची जुनी खोड.

२१ फेब्रुवारी
लेक्चरला तीन आठवडेही नाहीत. चन्नम्मा स्टेजवर न्यावी तर ती काय बोलेल याची खात्री नाही. सगळी भिस्त सौ.वर.
आज निर्वाणीचं बोललो. म्हणालो, नवऱ्याच्या इज्जतीपुढं तुला तीन दात मोठे झाले? पाहिजे तर सोन्याचे बसवून देतो. (कधी ते बोललो नाही.) बोलता बोलता छातीत फडफड झाली आणि खाली बसलो. भावनेचा भर.
सौ.नं मला पाणी दिलं. पदरानं माझी मान पुसली. मग अगदी हळू म्हणाली, बरं, येते मी बार्शीला, दाताच्या डॉक्टरकडं. पण मला त्या खुर्चीची भीती वाटते. तुम्ही अगोदर बसून, तोंड उघडून दाखवायचं. तुम्हाला काही झालं नाही तर मग मी बसते.
विजय! स्त्रीजात भित्री. पुरुषानं पुढं होऊन दाखवलं की मागून येते. याचा लेक्चरमध्ये उल्लेख करणे.

२६ फेब्रुवारी. बार्शी
फार लिहिण्याची इच्छा नाही, पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.
सकाळच्या छोट्या गाडीनं निघालो. स्टेशनपर्यंत चालताना गुडघ्यामुळं वेळ लागला. पिशव्या सौ.नं घेतल्या, डाव्या खांद्याला. डब्यात मला थंडी वाजत होती, तिनं स्वतःची शाल माझ्यावर घातली. लोक बघत होते. बायकी शाल होती.
डॉक्टर गुरुलिंगप्पा वयानं माझ्याहून लहान. त्यांना थिअरी समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, मास्तर, तो लेख किती जुना होता? चांगले दात उपटायचं ते खूळ कधीच गेलं. विलायतेतही डॉक्टरांनी लोकांची तोंडं रिकामी केली आणि सांधे राहिले तसेच. शेवटच्या पानावर असलंच तर हेच असणार.
मी म्हणालो, शेवटच्या पानात फुटाणे गेले.
तरी ठरल्याप्रमाणं सौ.ची भीती घालवायला मी खुर्चीत बसलो आणि तोंड उघडलं. दोन मिनिटांचं डेमॉन्स्ट्रेशन. मी उठू लागलो तर डॉक्टरांनी खांदा दाबून खाली बसवलं. सोन्याच्या दाताची हिरडी बोटानं दाबली. पुढं काय आलं ते लिहीत नाही. डॉक्टरांनी खिडकी उघडली.
मग ताप कधीपासून, घाम कधी, जेवण कसं, असे प्रश्न. मी तोंड उघडेपर्यंत सौ. उत्तरं देऊन मोकळी. तारीखवार! जणू रोजनिशी मी नव्हे, तीच लिहीत होती. नखं बघितली. मी म्हणालो, लाल शाई. त्यांनी स्पिरिटनं पुसली. गेली नाही. म्हणाले, शाई नव्हे, रक्त आहे. मग छातीला नळी लावून फार वेळ ऐकलं. इतका वेळ माझं कोणीच ऐकलेलं नाही.
मी म्हणालो, पेशंट ही आहे.
डॉक्टर म्हणाले, मास्तर, चांगले दात काढायचं खूळ खोटं, पण सडका दात खरा. या टोपीखाली किती वर्षं पू साठलाय देव जाणे. तिथले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत, असं मला दिसतंय. ताप त्याचा, गुडघा त्याचा, नखं त्याचीच. मी आज दात काढणार नाही, अगोदर पेनिसिलिन पाहिजे. इथूनच सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात जा. घरी जाऊ नका. आणखी पंधरा दिवस गेले असते तर... असं म्हणून ते सोलापूरसाठी चिठ्ठी लिहू लागले.
सौ.चे दातही बघायला लावले. म्हणाले, असे दात दहा वर्षांत बघितले नाहीत.
एस.टी.त बसल्यावर मी तिला म्हणालो, तुला अगोदरच शंका होती का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, तुम्ही दुसऱ्या कशानं खुर्चीत बसला असता का?

२ मार्च. सोलापूर
दर चार तासांनी सुई. बसता येत नाही, निजता येत नाही. थिअरीतल्या माणसांना सुया टोचल्याचं लेखात कुठं नव्हतं.

५ मार्च
दुपारी जाग आली तर सौ. पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडत होती. विचारलं, खांदा दुखतो का? तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग का रडते ते मला कळलं. छातीत तीच फडफड आणि ती थांबेना. भीती वाटली. खरं लिहायचं तर फारच भीती वाटली. मी तिचा हात धरून ठेवला. लेक्चरचा मुद्दा एकही आठवेना.

९ मार्च
ताप उतरला. दात काढला, आणि त्याच्या शेजारचे दोनही. तेही पोकळ निघाले. दोन दाढा आणि एक सुळा. बरोबर हाच हिशेब मी आठ जानेवारीला केला होता. माझं डायग्नॉसिस बरोबर होतं, फक्त तोंड चुकलं.
सोन्याची टोपी मुळासकट बाटलीत दिली. सोनं अजून चकाकतं. खाली काळं.

१४ मार्च
बाबूराव भेटायला आले. परवाचं लेक्चर त्यांनी दिलं. नाव तेच ठेवलं, ‘मूळ एकीकडं, दुखणं दुसरीकडं’. मध्ये एकदा येऊन त्यांनी सौ.कडून ती बाटली मागून नेली होती, हे मला आज कळलं. टेबलावर बाटली आणि मागं शाळेच्या ग्रुप फोटोतून मोठा केलेला माझा फोटो, हसताना. खाली चिठ्ठी : ‘आमचे एक सुशिक्षित सहकारी’. टाळ्या फार पडल्या म्हणे. बायका पोरांना रांगेनं दाखवत होत्या.
चन्नम्मा मुद्दाम उस्मानाबादला गेली होती. शंकासमाधानाच्या वेळी उभी राहिली, तोंड उघडून सगळ्या सभेला हिरड्या दाखवल्या आणि कानडीत बोलली. सभेत निम्मे लोक कानडी जाणणारे निघाले. ते हसले. मग कोणी हसेना. बाबूराव म्हणाले, तिथं मला खाली बघावं लागलं.
तिच्या केसचा पेपरवर नीट अभ्यास केला पाहिजे. दातवाल्याची पद्धत चुकली असावी.

१७ मार्च. पाडवा
कडुलिंबाचा पाला चावता येईना. सौ.नं वाटून दिला. गूळ दवाखान्याबाहेरच्या दुकानातून आणला होता. कागदाकडं बघितलं नाही.

९ एप्रिल
सुट्टी मिळाली. घरी तेरला. डॉक्टरांची ताकीद : सहा महिने वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, आणि कोणालाही औषध सांगायचं नाही. यातलं शेवटचं सौ.नं आपल्या पदरचं घातलं असावं असा संशय आहे.
एक विलक्षण गोष्ट. सौ.चा खांदा बरा झाला! हात सरळ वर जातो, आज स्टेशनवर वेणी नीट करताना मी डोळ्यांनी बघितलं. सहा आठवडे तिनं कसलंही औषध घेतलेलं नाही. बसून नुसती माझी शुश्रूषा केली. दवाखान्यात तिला दुसरं काम तरी काय होतं? पाणीसुद्धा भरायचं नव्हतं, व्हरांड्यातच नळ.

१० एप्रिल
दिवसभर विचार केला आणि उलगडा झाला. सडका दात माझ्या तोंडात. खांदा तिचा दुखत होता. माझा दात काढला, तिचा खांदा बरा झाला. म्हणजे थिअरी खरीच, पण विलायती डॉक्टरांच्याही पुढं गेलेली. रोगाचं मूळ एका माणसात असू शकतं आणि दुखणं दुसऱ्या माणसात! हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मासिकाला कळवणे.
सौ.ला वाचून दाखवलं. तिनं दाढेखाली सुपारीचं खांड कडकन फोडलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा बरोबर बोललात. आणि हसली, पदर न लावता, सगळे दात दाखवून. मग विचारलं, असं मूळ सापडलं की डॉक्टर लोक काय करतात हो? मी म्हणालो, उपटून टाकतात. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. म्हणाली, यंदा राहू द्या.
मग दोन्ही घागरी घेऊन नदीकडं गेली. काय राहू द्यायचं ते विचारायचं राहिलं.

१८ एप्रिल
झिरा आणखी खोल गेला, सौ.च्या खेपा वाढल्या. तिचा खांदा पुन्हा धरला. काल रात्रीपासून कण्हते आहे.
मी अस्वस्थ झालो. थिअरीप्रमाणं माझ्यातच कुठंतरी काही राहिलेलं असणार. खिडकीशी आरसा घेऊन बसलो, तोंड उघडून एकेक दात तपासला. मग जीभ, घसा, कान, नखं. गुडघा चेपून बघितला. ती दोनदा घागरी रिकाम्या करून पुन्हा नदीवर गेली तरी मी बघतच होतो.
आरशात काहीच सापडलं नाही.